मला गाव बंद

३ नोव्हेंबर
गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की आमच्या गावची पाण्याची टाकी दिसते. मी राहते त्या निघोज्यातून रिक्षानं जाण्याएवढं अंतर — आणि मला तिथं पाय ठेवायला बंदी! दुसरी दिवाळी गेली.

गुन्हा काय? ग्रामसभा देवळात नको, शाळेत घ्या, असं मी म्हणाले. बौद्ध वस्तीतले भिवाकाका बाहेर चपलांजवळ उभे राहून ऐकायचे, पाळीतल्या बाया तर यायच्याच नाहीत. त्यावर वर्षभर नुसती धुसफूस. मग चुलतभाऊ वारला, आणि त्याच्या दहाव्याला मी त्याच्या बायकोच्या, पुनमवहिनीच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. झालं! गावानं ठरवलं — देवळात नाक घासून माफी माग, मगच ये. माझ्याशी जो बोलेल त्याचं दळणसुद्धा बंद. आई चोरून फोन करते.

७ नोव्हेंबर
आदिनाथचा फोन. वडिलांना, दादांना, दवाखान्यातून घरी आणलंय, पाणीही उतरत नाही. "माफी मागून टाक ना ताई. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं! मग पुनमवहिनीला काय तोंड दाखवू? भावावर ओरडले, फोन ठेवला. भाकरी थापताना रडू आवरेना.

९ नोव्हेंबर
दादा गेले.

१० नोव्हेंबर
शिफ्टला गेले. घरी बसून काय करू? ग्रामसभेत माझ्या बाजूनं हात वर करणारे ते एकटेच होते. म्हातारा माणूस, पण मोजणी संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.

१७ नोव्हेंबर
उद्या दादांचा दहावा. घाटावर आईच्या बांगड्या फोडतील. कायदा माझ्या बाजूनं आहे म्हणे. कायदा येऊन आईशेजारी बसणार आहे का?

आदिनाथला कळवलं — सकाळी येते, नाक घासते, आईजवळ तेवढं बसू द्या. हरले मी.

१८ नोव्हेंबर
निघायला दार उघडलं, तर जिन्यात आई. काखेत पिशवी, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या तशाच. बाया न्यायला यायच्या आत घर सोडलं म्हणाली. भिवाकाका कंपनीची बस चालवतात, त्यांच्या पहिल्या शिफ्टच्या गाडीत कामावर जाणाऱ्या पोरांमध्ये बसून आली.

तिनं माझ्या पायातल्या चपला बघितल्या.

"काढ त्या," म्हणाली. "आता मलाबी गाव बंद. च्या टाक."