रिकाम्या बाटलीतली लवंग

स्नेहलतागंज, इंदूर
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
मारुतीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या बाटल्यांना आज पंधरा दिवस झाले. सप्टेंबरच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच होतं. पण डॉक्टर म्हणाले तसं रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगतो, आणि क्या बताऊँ, कमालच झाली! लवंगेचा वास तर एकदम कडक येतो. मतलब, अपन बरे झालो.

स्मिताला यातलं काही ठाऊक नाही. पोह्यांवर जीरावन मसाला असो-नसो, मला सारखंच लागतं. पण पस्तीस वर्षं जिने माझ्या नाकाच्या तालावर स्वयंपाक केला, तिला हे सांगायचं कसं? म्हणून प्रत्येक घासाला ‘वा’ म्हणतो. बाटल्या बाथरूममध्ये लपवल्यात. तिला वाटतं, माझं पोट बिघडलंय.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तेवढा हा गुपिताचा भारही सांभाळ.

तुझा,
मारुती

देपालपूर
१५ जानेवारी २०२५

चि. मारुतीस,
अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो करून सुटतोस म्हणून तुला लिहायला लावलं, आणि बरोबर सापडलास. लवंगेच्या बाटलीत मी नुसता कोरा कापूस घातला होता.

आता तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बहिणीचं ऐक. नाकातल्या पेशी मरतात तशा नव्या उगवतातही. पण मेंदूशी त्यांची ओळख नव्याने व्हावी लागते. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की पोस्टमन आधी चुकतो, मग रोजच्या चकरांनी त्याचे पाय आपसूक वळतात, तसंच. जी जोडणी वापरशील ती घट्ट होते, न वापरलेली ढिली पडते. तू लेबल वाचून ‘लवंग’ म्हणालास, तेव्हा पक्की झाली ती डोळ्यांची आणि जिभेची जोडणी. म्हणजे पंधरा दिवस तू मेंदूला थापा मारायला शिकवलंस, आणि त्यात तो लहानपणापासूनच पहिला यायचा.

स्मिताला सांग. तिने तुझे डोळे बांधून बाटल्या पुढे कराव्यात. रविवारपर्यंत बोलला नाहीस तर बसने येऊन मीच सांगेन. सोबत खऱ्या लवंगा धाडते आहे.

दोघांना आशीर्वाद. कान पिळणं भेटीवर ठेवते.

तुझी,
इंदुताई

स्नेहलतागंज, इंदूर
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
शरमिंद्या मारुतीचा सा. न. वि. वि.

सांगितलं. स्मिता म्हणाली की चार महिने एकही तक्रार नाही, तेव्हा तिला वाटलं होतं, सहासष्टाव्या वर्षी का होईना, माणूस सुधारला! मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंच होतं असं मी समजलो.

आता ती जुन्या ओढणीने माझे डोळे बांधते आणि तुझ्यापेक्षा कडक परीक्षा घेते. नुसतं हुंगून चालत नाही. लवंग कुठे कुठे खाल्ली ते आठवून हुंगायचं. ताई, या वेळी खरं लिहितो: काहीच येत नाही. काल ती डोक्याला तेल लावून शेजारी बसली होती आणि मला कळलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं. पण सोडलेलं नाही.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र पाठव.

तुझा,
मारुती

स्नेहलतागंज, इंदूर
१९ मे २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. ओल्या कचऱ्याची बादली घेऊन मी खाली गेलो. त्यात दोन दिवसांची खरबुजाची सालं. झाकण काढलं, आणि ताई, भपकन असा सडका, आंबूस वास आला की डोकंच मागे गेलं! सगळ्या देशात सर्वांत साफ म्हणवणाऱ्या आपल्या इंदुरात मला मिळालेला पहिला वास हा! मी तिथेच पुन्हा वाकलो. आणि पुन्हा. गाडीवरच्या बाईने तबीयत ठीक आहे ना विचारलं. शेजारची शर्वरी गॅलरीतून बघत होती. तिला काय वाटलं असेल ते विचारू नकोस. मी बादली द्यायलाच तयार नव्हतो. शेवटी गाडी भोंगा वाजवत पुढे गेली आणि मी ते वैभव घेऊन जिना चढून घरात आलो.

स्मिता ओरडत बाहेर आली की हे काय परत आणलंत, केवढी घाण येतेय. मी म्हणालो, हो, येतेय. तिने नाकाला लावलेला पदर तसाच वर डोळ्यांना लावला आणि आत गेली.

गुलाब अजून येत नाही. लोभ असू दे; आता थापा मारणार नाही, निदान वासाच्या बाबतीत.

तुझा,
मारुती