मनोरा त्यांचा, राजवाडा माझा

१४ मार्च, गुरुवार

निघालो एकदाचे! गाडीत बसल्याबसल्या वहिनींनी जाहीर केलं — ‘मनोरा माझा, राजवाडा तुझा.’ म्हणजे मनोऱ्यावर त्या चढणार आणि मी खाली बॅगेपाशी. राजवाड्यात मी जाणार आणि त्या बाहेर बॅगेपाशी. थोरल्या जाऊबाईंच्या राज्यात अपील नाही.

बॅगेत आहे तरी काय? दोन स्वेटर, पाण्याची बाटली, गुडघ्याला चोळायच्या मलमाची डबी. चोराने नेली तर हात जोडून परत आणून देईल! पण आमची सवय जुनी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून दोघी मिळून कधी घराबाहेर पडलोच नाही. लग्न असो नाहीतर मयत, एक जायची, दुसरी घरी. जाणारीने परत येऊन सगळं सांगायचं — कोणी काय घातलं होतं, कोण कोणाशी बोललं नाही, जेवणात काय फसलं. सासूबाई गेल्या, मागोमाग दोघींचे नवरे गेले. सवय मात्र राहिली.

ही सहल म्हणजे खरं तर पैज आहे. वहिनींचा मुलगा लांबच्या शहरात, लिफ्टवाल्या इमारतीत राहतो. वर्षभर त्याचं एकच पालुपद — ‘आई, आपला तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुझे गुडघे हे असे. माझ्याकडे ये.’ तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! शेवटी वहिनी भडकल्या. ‘माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? तो जगप्रसिद्ध मनोरा चढून दाखवते!’ तो म्हणाला, ‘चढलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही चढलीस तर महिनाअखेर इकडे.’ आणि साक्षीदार कोण? मी! म्हणे काकू खोटं बोलत नाही.

वहिनी गेल्या तर पडद्यांच्या ऑर्डरींचं काय? त्या बेततात, कापतात, मी मशीन मारते. मला सरळ कापता येत नाही, त्यांना मशीनची गती जमत नाही.

पडदे गेले खड्ड्यात. मी भांडू कोणाशी?

१४ मार्च, संध्याकाळ

खोली तळमजल्यावर मिळाली, तीही रस्त्यापेक्षा खोल. भर दुपारी दिवा लावावा लागला. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात. माझा जीव गुदमरतो अशा जागेत. घरी खालचा कंपाउंडर कधीचा मागे लागलाय — बायकोला झाडांची हौस, तुमचा तिसरा मजला आम्हाला द्या, आमचा तळमजला तुम्ही घ्या. दोनदा दारातूनच वाटेला लावलाय. दारासमोर गच्ची आहे आमच्या! सकाळी कठड्यावरून ओणवून चादर झटकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. मागून वहिनींची हाक ठरलेली — ‘अर्धं अंग बाहेर काढू नकोस गं, पडशील!’

१५ मार्च, शुक्रवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

वहिनी मनोरा चढल्या. मी खाली बाकावर बॅग मांडीत धरून बसले होते. मान वर करकरून दुखायला लागली. एवढा उंच! बघूनच माझी पाचावर धारण बसली. आत जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि लढाईवर निघाल्यासारखा हात केला. मग किती वेळ पत्ता नाही. मोठी घंटा वाजली, कबुतरं उडाली, शाळेची एक सहल वर जाऊन खालीही आली. मी उठून तिकीटवाल्या बाईला विचारणारच होते, तेवढ्यात वहिनी दारात. घामाघूम, चेहरा लालबुंद.

‘धाकटे, पाणी दे.’

आणि मग काय सांगितलं म्हणून सांगू! नदी कशी वळण घेऊन जाते. छपरांना छपरं कशी चिकटलीत. लांब कुठेतरी धूर निघत होता. आणि म्हणाल्या, ‘एका गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. निम्मी कठड्याबाहेर! वरून ओरडावंसं वाटलं मला.’

किती हसले मी. जगात माझ्यासारख्या वेड्या आणखीही आहेत म्हणायच्या.

संध्याकाळी कळलं, वहिनींचा चष्मा हरवलाय. दोघींनी खोली पालथी घातली. नाही.

१६ मार्च, शनिवार

राजवाडा. माझी पाळी. दालनामागून दालन, झुंबरं, सोन्याच्या खुर्च्या. पण खरं लिहायचं तर मी नीट काही बघितलंच नाही. वहिनींना काय काय सांगायचं तेच मनात जुळवत होते. दरबाराच्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत मखमली पडदे! त्यांच्या चुण्या बघून डोळ्यांत पाणी आलं. पडदे बघून रडणारी मीच पहिली असेन.

बाहेर येऊन सांगितलं. वहिनींचे प्रश्न सुरू — ‘अस्तर लावलंय? खालची दुमड हाताची की मशीनची?’ मला काही सांगता येईना. त्या जरा हिरमुसल्या. त्यांनीच बघायला हवे होते ते पडदे.

चष्म्यासाठी मनोऱ्यापाशी विचारून येऊ म्हटलं तर अंगावर आल्या. ‘तिथे नाही विसरले! उगाच पायपीट नको.’

१७ मार्च, रविवार

सकाळी पाव आणते म्हणून निघाले आणि थेट मनोरा गाठला.

तिकीटवाल्या बाईने खणातून चष्मा काढून दिला. ‘परवाच्या त्या बाई ना? बऱ्या आहेत ना आता? पहिल्याच वळणावर बसल्या होत्या हो, गुडघा धरून. मी पाणी नेऊन दिलं. वर नका जाऊ म्हटलं, तर म्हणाल्या, नाहीच जात. पण खाली धाकटी बसलीय, तिला सांगू नका. मग डोळे पुसायला चष्मा काढला तो तिथेच राहिला.’

मी परत त्याच बाकावर जाऊन बसले. 

त्या वर गेल्याच नाहीत. नदीचं वळण, ती छपरं, तो धूर — आमच्या गच्चीवरून रोज दिसतं ते सगळं! आणि ती चादर झटकणारी बाई मीच की गं बाई! अंधाऱ्या जिन्यात बसून त्यांनी घरच डोळ्यांसमोर आणलं आणि मला मनोरा म्हणून सांगितलं. आणि मी खुळी खदखदून हसले.

गुडघे इतके गेलेत तर. रोज तिसऱ्या मजल्यावर चढताना काय होत असेल! ताकास तूर लागू दिली नाही मला. आणि कंपाउंडरला मी हाकलून लावला तेव्हा तिथेच तर बसल्या होत्या, कापड बेतत. घेऊ या खालची जागा, असं एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. माझी गच्ची ना!

राग आला. मग रडू आलं. मग पाव घेतला.

खोलीवर येऊन चष्मा गुपचूप बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला आणि थोड्या वेळाने ओरडले, ‘अहो वहिनी, हा बघा! काखेत कळसा आणि गावाला वळसा!’ वहिनींनी चष्मा घेतला. काचा पुसल्या. चांगल्या लख्ख होत्या तरी बराच वेळ पुसल्या.

‘बॅगेतच होता होय?’

‘बॅगेतच.’



गाडी संध्याकाळची होती. मी म्हटलं, ‘चला, राजवाडा बघायला.’ ‘आणि बॅगेपाशी कोण बसणार?’ ‘कोणी नाही. गेली तर गेली!’ आतल्या खिडकीवर बॅग ठेवून घेतात, फुकट. पहिल्या दिवसापासून ठेवून घेत होते. कोणी विचारलं तर ना!

दोघी एकदम आत शिरलो. मला उगाचच घर उघडं टाकून आल्यासारखं वाटत होतं. राजवाड्यात पायऱ्या फार नाहीत, बरं झालं. दरबाराच्या दालनात वहिनी दोरीखालून वाकल्या आणि पडद्याची कड उलटून बघायला लागल्या. पहारेकरी धावत आला, ‘आजी, हात लावू नका!’ ‘हात कुठे लावतेय? टाका बघतेय!’ मग माझ्याकडे वळून, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल एवढ्याने — ‘हातचीच आहे गं दुमड! पण आपली याहून सरळ असते.’

लोक बघत होते. बघू देत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी कोणाला काही सांगायचं उरलं नव्हतं.

१८ मार्च, सोमवार

घरी पोचलो. जिना चढताना वहिनी प्रत्येक मजल्यावर थांबल्या. एकीकडे दारावरची पाटी वाचली, दुसरीकडे कुंडीचं कौतुक केलं. आजवर मला वाटायचं, बाईंना चौकशा फार!

दुपारी मुलाचा फोन. ‘काकू, आई चढली का? खरं सांग.’ वहिनी समोर कापडावर खडूने रेघ मारत होत्या. रेघ थांबली. माझ्याकडे बघेनात.

‘उद्या सांगते रे. जीभ दमलीय प्रवासाने.’

‘तुझी जीभ, काकू?’

फोन ठेवला. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘सांगून टाकायचंस गं. तू कशाला खोटं बोलतेस माझ्यासाठी?’ आणि पुन्हा रेघ मारायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी आलेली पाहिली.

१९ मार्च, मंगळवार

सकाळीच कंपाउंडरचं दार वाजवलं. पुढच्या महिन्यात आम्ही खाली, ते वर. मुलालाही खरं काय ते सांगितलं — ‘आई मनोरा चढली नाही, आणि आता जिनाही चढणार नाही. आम्ही तळमजल्यावर चाललोय, तिकडे येण्याचा विषय संपला!’ कंपाउंडरला एकच अट घातली. सकाळी गच्चीवर चादर मीच झटकणार. मग खाली येऊन वहिनींना सांगणार, वरून काय काय दिसलं ते.