मागच्या खोलीचा कागद

शनिवार, १ फेब्रुवारी

आले एकदाची. किल्ली कुलपात फिरेना, म्हणून खांद्याने दार रेटलं, तर ते एकदम उघडलं आणि मी बॅगेसकट आत आडवी. गृहप्रवेश झाला म्हणायचा. घर अगदी चिमुकलं आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मधे अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी फोन. लीड्सला नवऱ्याच्या घरात सगळ्या भिंती त्याच्या आवडीच्या मळकट पिवळ्या होत्या. आता घटस्फोट झाला, त्या भिंती त्याला लखलाभ. इथे कुठला रंग द्यायचा ते मी, हेस्टरबाई, ठरवणार.

वरची पुढची खोली माझी. मागची जॅनिसला. माझी लेक लंडनला असते आणि गेली कित्येक वर्षं 'पुढच्या महिन्यात नक्की' येते. त्या खोलीच्या खिडकीतून दोन धुराड्यांच्या मधे समुद्राची एक फाक दिसते. भिंतींवर मात्र भुसा चिकटवल्यासारखा खरबरीत कागद आहे, बघवत नाही. तो खरवडायचा, नवा लावायचा. ईस्टरपर्यंत खोली अशी झाली पाहिजे की तिला यावंसं वाटेल. खोक्यावर बसून पाव आणि डब्यातल्या घेवड्याच्या बिया खाल्ल्या. चैन आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दवाखान्यातला पहिला दिवस. डॉक्टर हॅडली उंच, वाकलेले, सगळ्यांना 'बरं, बरं' म्हणतात. काउंटरवर मी आणि थेल्मा. थेल्मा इथे इतकी वर्षं आहे की गावात कुणाला मूळव्याध आणि कुणाला नुसतीच खोड, हे ती चालीवरून सांगते. लोक तपासणीची लघवी लोणच्याच्या बाटल्यांतून आणतात आणि काउंटरवर माझ्या चहाशेजारी ठेवतात. थेल्मा म्हणाली, लेबल वाचल्याशिवाय काही पिऊ नकोस.

एक मिसेस क्रॅबट्री म्हणून म्हातारी आहे. ती दर सोमवारी येऊन शेगडीजवळ बसते आणि दवाखाना बंद व्हायच्या वेळी निघून जाते. नंबर कधी लावत नाही. मी विचारलं हिला काय होतंय. थेल्मा म्हणाली, काही होत नाही, घरी कुणी नाही एवढंच. मला तेव्हा हसू आलं. घरी येऊन दिवा लावला तेव्हा मात्र आलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस गरम पाणी, फडकं आणि खरवडायची पट्टी. हात खांद्यापासून तुटायला आलेत. भुशाच्या कागदाखाली निळ्या रेघांचा कागद निघाला, त्याखाली जहाजांचा, त्याखाली गुलाबांचा, त्याखाली आणखी. कांद्यासारखं प्रकरण आहे. नवल एका गोष्टीचं वाटलं. एकाही थराला खिळ्याचं भोक नाही, पलंग घासल्याची खूण नाही, तसबिरीमागचा उजळ चौकोन नाही. कुणीतरी ही खोली पुन्हापुन्हा सजवली आणि तिच्यात कधी कुणी राहिलंच नाही. कागद लावणारा हात मात्र पट्टीचा, सांधा शोधून सापडत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नखांत खळ आणि केसांत भिंत घेऊन कामाला गेले. पेशंटना वाटेल तुलाच कसली तरी लागण झालीय, म्हणून थेल्माने मला कोपऱ्यात बसवलं. माझं घर कुणाचं होतं तेही तिने सांगितलं. प्रॉक्टर म्हणून एक रंगारी. भिंतीला कागद लावावा तर त्यानेच, असं गाव म्हणायचं. बायको गेली, मुलगा कॅनडाला. मुलगा येणार म्हणून दर वसंतात म्हातारा मागच्या खोलीला नवा कागद लावायचा. शेवटी एकटाच गेला, आणि गेल्याचं कुणाच्या ध्यानातही उशिराच आलं.

दुपारभर मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटत राहिलं. संध्याकाळी जॅनिसला फोन केला. घाईत होती. ईस्टरचं विचारलं तर म्हणाली, बघू. मग मी नको ते बोलले, तिनेही बोलून घेतलं आणि फोन आपटला. आमच्यात हे नेहमीचंच.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल रात्री कंटाळून ब्रश तसेच खळीत टाकले होते. आज दवाखान्यातून आले तर ते धुऊन, पुसून, फडक्यावर ओळीने मांडलेले. मीच केलं असेन आणि विसरले असेन. वय झालं की घरात भुतं नसली तरी विसर असतोच.

शनिवार, १ मार्च

विसर इतका कामसू नसतो. मी सोमवार ते शुक्रवार दवाखान्यात असते आणि रोज आले की थोडंसं काम पुढे गेलेलं दिसतं. भेगांत लांबीचा लगदा भरलेला. चौकटी घासून गुळगुळीत. मी आणून ठेवलेल्या बारीक पिवळ्या फुलांच्या कागदाने एक अख्खी भिंत मढवलेली, आणि सांधा शोधून सापडत नाही.

आधी शेजाऱ्यांचा संशय आला. पण डावीकडच्या घराला 'विकणे आहे'ची पाटी आहे आणि उजवीकडची बाई काठीशिवाय उभी राहू शकत नाही. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. पोलिसांत जाऊन काय सांगू, माझ्या घरात कुणीतरी फुकट काम करतंय?

खरं सांगायचं तर भीती वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. दार उघडताना आपल्यासाठी कुणी काही करून ठेवलं असेल, असं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. शनिवार-रविवार माझी पाळी, बाकीचे दिवस त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याची. घरी काम करणाऱ्याला चहा द्यायची आपली रीत आहे, म्हणून काल सकाळी निघताना एक कप त्या खोलीत ठेवला. संध्याकाळी कप रिकामा होता. आजही ठेवला, आणि त्याला सांगितलं की माझी लेक येणार आहे.

हे थेल्माला सांगितलेलं नाही. मिसेस क्रॅबट्रीच्या शेजारी बसवील मला.

मंगळवार, ११ मार्च

जॅनिसचा फोन. ईस्टरला येतेय! गुड फ्रायडेला दुपारच्या गाडीने. मी आनंदाने रडायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, तू गेल्या आठवड्यात किती छान बोललीस गं फोनवर. एकदाही टोचलं नाहीस. नुसतं म्हणालीस, ये, खोली तयार आहे."

गेल्या आठवड्यात मी तिला फोन केलेला नाही. भांडण झाल्यापासून केलेलाच नाही, कानाला खडा लावला होता. कधी केला होता मी, असं विचारलं. बुधवारी दुपारी, म्हणाली. बुधवारी दुपारी मी दवाखान्यात बाळांच्या टोचण्याच्या रांगेला तोंड देत होते.

तिला काही बोलले नाही. इतकी खुशीत होती.

शनिवार, १५ मार्च

मागच्या खोलीची खिडकी नाही. म्हणजे आहे, पण तिच्यावरून कागद गेलाय, काच, चौकट, सगळ्यावरून. पिवळी फुलं उन्हात पारदर्शक दिसतात. मी कागद टराटरा फाडला. खाली खिडकी रंगाने चारही बाजूंनी चिकटवून टाकलेली. हातोडीने ठोकलं तरी हलत नाही.

आणखी एक. फेब्रुवारीत मी खोली नीट मोजून कागदाच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. चारही भिंती झाल्या आणि दोन गुंडाळ्या उरल्यात. पुन्हा मोजली. खोली लहान झालीय. दारासमोरची भिंत पुढे आलीय. हात लावला तर मऊ लागते, उशीसारखी, आणि दाबलं की आत कुठेतरी कडक काहीतरी लागतं.

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय. त्याला मोठ्याने सांगितलं की आता पुरे, काम झालं, उपकार झाले. कप उचलून खाली आणला.

सोमवार, १७ मार्च

कप पुन्हा वर. रिकामा. मी ठेवलेला नाही.

बुधवार, १९ मार्च

न राहवून डॉक्टरांना सांगितलं, अर्धंमुर्धं. बरं, बरं, म्हणाले. बंद घरात रंगाच्या वासाने डोकं जड होतं, एकट्या माणसाला भास होतात, खिडक्या उघडत जा. झोपेच्या गोळ्या दिल्या. खिडक्या उघडत जा म्हणे.

थेल्माला विचारलं, प्रॉक्टरचा मुलगा पुढे आला का कधी. ती फायली लावत होती, मान वर न करता म्हणाली, "आला होता म्हणतात एकदा, मोठी ट्रंक घेऊन. मग गेला असेल परत. जाताना कुणी पाहिला नाही." आणि शनिवारी दुपारी मी फोनवर तिच्याशी इतक्या गोड आवाजात कशी बोलले, म्हणून वर माझीच चेष्टा. शनिवारी दुपारी मी पोस्टात होते.

तो आता फोन उचलतो, बोलतो. माझ्या आवाजात.

रविवार, २३ मार्च

चौकातल्या फोनवरून जॅनिसला सांगितलं, येऊ नकोस. घराचं काम अर्धवट आहे, म्हटलं. ती म्हणाली, काल तर तू म्हणालीस की सगळं झालं. मग मला सर्दी झालीय, म्हटलं. मग काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. ती म्हणाली, मी आले नाही की तू रडतेस आणि यायला निघाले की हाकलतेस, तुला नक्की हवंय काय. तिकीट काढलंय, मी येणार.

जन्मभर तिला ये, ये म्हटलं. तेव्हा दर वेळी काहीतरी निघायचं. आता माझ्या पोरीने यायचं टाळावं म्हणून मी देवाला हात जोडतेय, आणि या वेळी काहीच निघत नाही.

गुरुवार, २७ मार्च

ठरवलंय. उद्या दुपारी स्टेशनवर जाऊन उभं राहायचं. ती उतरली की तिथूनच परतीच्या गाडीत, दोघी. रागावू दे.

आजची रात्र थेल्माकडे काढावी असं फार मनात होतं. दवाखाना बंद करताना शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिच्याकडे बहिणीची माणसं आलीत, अडचण होईल तिला. ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या आणि आले. सोमवारी सुट्टी म्हणून आज आलेली मिसेस क्रॅबट्री दाराशी भेटली, तीही शुभेच्छा देऊन गेली.

माझ्या खोलीत आहे. दाराला खुर्ची लावून ते सताड उघडं ठेवलंय. कोट, बूट अंगावरच. मागच्या खोलीत ब्रश चालू आहे. मी घरात असताना पहिल्यांदाच—

शुक्रवार, २८ मार्च

डोळा लागला. कसा लागला?

दार नाही. खुर्ची आहे, तिच्यामागे भिंत. पिवळी फुलं. खिडकीवरही. उन्हाने फुलं पेटल्यासारखी दिसतात, तेवढ्याच उजेडात लिहितेय. सांधा नाही. कुठेच सांधा नाही.

नखांनी फाडते आहे. खाली निळ्या रेघा. त्याखाली जहाजं. त्याखाली—

हे सगळे तर मी मागच्या खोलीत खरवडून टाकले होते.

गाडीची शिट्टी. दुपारचीच असणार. मी स्टेशनवर नाही. ती वाट बघेल, चिडेल, परत जाईल. जाऊ दे. जॅनिस, चीड. माझा राग कर आणि जा.

घंटी.

खाली कुणीतरी दार उघडलं. माझाच आवाज. "आलीस, बाळा? दे ती बॅग इकडे." मी तिला कधी बाळा म्हटलं नाही.

जॅनिस हसली.

ओरडले. घसा फुटेस्तोवर ओरडले. भिंत पिऊन टाकते सगळं, पलीकडे जात नाही. तिचं मात्र मला ऐकू येतं, शब्दन्‌शब्द. घर किती छान केलंयस, म्हणतेय. म्हणतेय, "आई, या वेळी राहते गं. रजा वाढवून घेतलीय."

जिन्यावर पावलं. पुढे तिची. मागे—

माझ्या भिंतीशी थांबली. पलीकडून हात फिरवतेय कागदावर, माझ्या हातासमोरच. किती मऊ आहे, म्हणाली. मी भिंत बडवतेय, जॅनिस, इथे, इथे आहे मी—

गेली पुढे.

मागच्या खोलीचं दार. लागलं.

खळीचा वास. तिथून ओल्या ब्रशचा आवाज, वरून खाली, वरून खाली. ती बोलतेय अजून. लंडनचं, एकटं वाटतं त्याचं, मला कधीच नाही सांगितलं ते सगळं सांगतेय, थांबतच नाही, तिला वाटतंय समोर मी