पट्ट्याची कडी आणि हॅलोरनसरांचा डावा हात

ॲन आर्बर,
मंगळवार, ७ डिसेंबर २००४

तीर्थस्वरूप प्रल्हादमामा यांस सत्यजितचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि उत्तरामामीची शुगर ताळ्यावर असतील अशी आशा आहे. मी खुशाल आहे. माझ्या थीसिसच्या गाइडचा डावा हात तेवढा नाही. (हे पत्र तुमच्या गिरिजाच्या ईमेलवर पाठवतोय. तिने छापून द्यावं, वाचू नये. वाचणारच म्हणा.)

आमचे हॅलोरनसर शिकारी माणूस. रानरेड्याला आडवं करणारी वडिलांची रायफल त्यांच्याकडे आहे आणि तिचा धक्का खांद्याला आठवडाभर आठवतो. ती खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची पुढची कडी लाकडाला नव्हती, लाकडाच्या बरीच पुढे थेट नळीला जोडलेली होती. तो जोड सुटला. सरांनी मला गॅरेजमध्ये नेऊन कडी होती तिथेच बसवायला सांगितलं. पण मी पडलो मेकॅनिकलचा. सांगितलं तेवढंच केलं तर शिकलो कशाला? माझ्या टेबलावर तुमचा युनिफॉर्ममधला फोटो असतो (मामी म्हणते पोट आत घेतलंय, तोच). त्यात तुमच्या रायफलची कडी लाकडाला आहे. मी तोल मोजला, लाकडाला भोक पाडलं आणि कडी तिथे बसवली. रायफल खांद्याला इतकी झकास लटकली की सरसुद्धा खूश झाले.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. सर लिहितात डाव्या हाताने, पण रायफल लावतात उजव्या खांद्याला, म्हणजे डावा हात पुढे, लाकडाखाली. बार उडाला, रायफल मागे आली आणि माझी कडी त्यांच्या तर्जनीत घुसली. हातमोजा रक्ताने भिजला. पाच टाके पडले. कडी नळीवर का ठेवतात ते तेव्हा कळलं: तिथवर हात पोचतच नाही.

शुक्रवारपर्यंत माझ्या थीसिसच्या फॉर्मवर सरांची सही हवी. नाहीतर डिग्री पुढच्या टर्मला आणि बॉथेल गावातली ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला. सहीचा हात बँडेजमध्ये आहे. चार दिवस कोरा फॉर्म बॅगेत घेऊन फिरतोय, मामा.

तुमचा,
सत्यजित

ता. क. : कडी लाकडाला लावायची अक्कल कुणाची, असं सरांनी विचारलं. घाबरून तुमचं नाव सांगितलं. गुरुवारी तुमच्या रात्री आठला ते तुम्हाला फोन करतील. दोष अंगावर घ्यावा. तुम्ही रिटायर आहात, तुमचं कोण काय वाकडं करणार?

पुन्हा ता. क. : एक लिहायचं टाळलं होतं. सरांनी हात लाकडाखाली सरकवला तेव्हाच बोटाला टेकलेली कडी मला दिसली होती. मी तोंड उघडलं. पण सरांना मध्येच कसं टोकायचं, म्हणून मिटलं. मला फार लाज वाटते.

तिसरं ता. क. : पाठवणार तोच सरांचा फोन. सही केली म्हणाले, उजव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखी. मग म्हणाले, "सत्या, बार उडायच्या आधी तू काहीतरी बोलणार होतास. काय?" मी म्हटलं, ते गुरुवारी मामा सांगतील. तेव्हा मामा, पहिलं ता. क. खोडावं आणि दुसरं त्यांना इंग्रजीत सांगावं. माझ्या तोंडून ते अजूनही निघत नाही.