नवा लाल चावतो

३ मार्च, सकाळ
पुन्हा सुरू केलंस, मना? ओठ चुरचुरला म्हणजे फोड येणारच, असं कुणी सांगितलं? डॉक्टरनं. बरं. विषाणू अंगातच दबा धरून बसतो, म्हणाला, चुरचुरलं की त्याच दिवशी गोळी सुरू करा. पण डॉक्टर काही दुकानांचे बोर्ड रंगवत नाही. मी रंगवतो. ब्रशला बारीक टोक ओठांत धरूनच काढतो. काल नवा लाल डबा उघडला. रंग चावतोय. गोळी नाही. विषय संपला.

३ मार्च, रात्री
आरसा सहा वेळा. काही नाही. थोडं आहे.

४ मार्च
चार फोड. बारीक. रंगाची ॲलर्जी. आजपासून मिशी वाढवणार.
उद्या बायको बाळाला घेऊन घरी येतेय. मुलगी नऊ दिवसांची. एवढ्याशा जिवाला हे लागलं तर जिवावर बेततं, असंही डॉक्टर बोलला होता. पण ते विषाणूचं. गोळी घेतली. सहज. अर्धं पाणी सदऱ्यावर.

५ मार्च
मास्क. थोरली ताई म्हणाली, काय रे, दरोडा घालायला निघालास? बायकोला सर्दी सांगितली. नियम : तीन फुटांवरून बघायचं. मुलगी जांभई देते! नियम पाळला.

६ मार्च, दुपार
सकाळपासून लाल बोर्ड. टोक काढायचं तर मास्क उतरवावाच लागतो. जेवायला घरी आलो, मास्क दुकानातच. बायको आंघोळीला. मी फक्त वाकलो. वाकणं म्हणजे पापी घेणं नव्हे.

६ मार्च, ४.२०
बाळाच्या कपाळावर लाल ठिपका. बायको किंचाळली. मी टॅक्सी बोलावली. टॅक्सीत सगळं सांगून टाकलं. ताई म्हणाली, सर्दी म्हणे!

६ मार्च, ५.१५, दवाखान्याचा जिना
डॉक्टरनं ओला कापूस फिरवला. ठिपका गेला. रंग! मी म्हणत नव्हतो? हसलो. एकटाच.
डॉक्टर कापसाकडे बघत होता, मग माझ्या ओठाकडे. म्हणाला, रंग लागला म्हणजे ओठ लागला. आजच ॲडमिट करा, रक्त तपासू, रिपोर्ट येईपर्यंत औषध सुरू ठेवू.
बायकोनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माझ्यापासून लांबच्या.
मी म्हणालो, दुपटी घेऊन येतो. तिनं तोंड उघडलं, तोवर मी जिन्यात.