बायकांच्या चित्रशाळेला लागलेलं सील

विस्तुला नदीकाठ, मार्च १९०४

तीर्थस्वरूप हिएरोनिमदादांस, धाकट्या लेओकाडियाचा नमस्कार. तुमचा संधिवात कसा आहे? थंडीत प्रवचनं लांबवू नका. ऐकणाऱ्यांनाही गुडघे असतात.

माझ्या चित्रशाळेबद्दल तुमच्या कानावर काय काय आलं असेल. त्यातलं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धंही. सरकारी अकादमीत बायकांना घेत नाहीत म्हणून मी तबेल्यावरच्या माळ्यावर स्वतःची शाळा काढली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, फुलं शिकव. (दोन वर्षं शिकवली. पण फुलांना खांदे नसतात, दादा.) म्हणून या हिवाळ्यात व्हित नावाड्याला मुलींसमोर उभं केलं. त्याच्या कमरेला पंचा होता. समोरच्या घरातल्या ओब्रोन्स्काबाई दुर्बीण लावून बघत होत्या, तरी त्यांना पंचा दिसला नाही. त्यांनी तक्रार केली.

इन्स्पेक्टर द्रोझ्दोव्स्की धापा टाकत जिना चढून आले. "बाई, हे काय चाललंय?"

"खांदा," मी म्हटलं. "आज फक्त डावा."

"हे ताबडतोब बंद करा."

"मग याच्या जागी तुम्ही बसा. कपड्यांसकट."

साहेबांनी आरशात एकदा मिशी बघितली आणि बसले. (माणूस वाईट नाही, फक्त देखणा असल्याचा त्याचा समज आहे.) तासाभराने सगळी चित्रं बघून त्यांचा चेहरा पडला. नाक जरा आखूड करा म्हणाले. माझ्या विद्यार्थिनीचे, सालोमेआचे, वडील त्यांच्याच हाताखाली कारकून. तिने खोडरबर चित्रातल्या नाकापर्यंत नेलं. मग ते खिशात टाकलं आणि म्हणाली, "साहेब, नाक आहे तेवढंच काढलंय."

दुसऱ्या दिवशी दाराला सील. मी जिन्यात बसून रडले (ओब्रोन्स्काबाईंना दिसणार नाही अशा बाजूला). तेवढ्यात सालोमेआ फळी-कागद घेऊन आली, माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, आज उजवा ना?" मागोमाग बाकीच्याही आल्या. तेव्हा सगळ्यांना सांगा, शाळेच्या दाराला सील आहे, शाळा चालू आहे.

तुमची, न सुधारलेली,
लेओकाडिया

ता. क. तुमच्या चर्चमागचं धान्याचं कोठार सध्या रिकामं आहे ना? उत्तरेकडून उजेड छान येतो तिथे. नाही म्हणायचं असेल तर कारणं सविस्तर लिहा, मी सावकाश वाचेन.

दुसरा ता. क. हे पत्र आणि मुली एकाच गाडीने येत आहेत. व्हितही बरोबर आहे. प्रवासापुरते तरी अंगभर कपडे घाल, असं त्याला बजावलं आहे.