ऐकू आलं तर लक्षात राहील

३ मार्च

दूध उतू गेलं. 'गॅसकडे बघा' सांगून मी अंघोळीला गेले होते — आणि हे म्हणतात, कधी सांगितलंस? पत्त्यांच्या डावात पान न् पान लक्षात ठेवणारा माणूस हा! हल्ली मित्रांकडेही जात नाहीत. लेक फोनवर म्हणाली, बाबांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांना दाखवू या. मी तिच्यावर डाफरले. मग भांडी घासताना रडले.

४ मार्च

शेजारीण म्हणते, म्हातारचळ, दुसरं काय! यांच्यासमोरच म्हणाली.

९ मार्च

दवाखाना. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. यांची फजिती नको म्हणून प्रत्येक उत्तर मीच देत सुटले. वार कोणता, मुलं किती — सगळं. यांनी लक्षात ठेवायचे म्हणून बाईंनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, तेही मीच धडाधडा म्हणून दाखवले! बाई हसल्या. 'काकू, तुम्ही पास. आता जरा बाहेर बसा.'

बाकावर नामस्मरण करत बसले. जीव थाऱ्यावर नव्हता.

मग आत बोलावलं. तोंडी सांगितलेल्या शब्दांतले यांना दोनच आठवले. पण दुसरे पाच कागदावर लिहून दाखवले, ते पाचही बिनचूक! कान तपासले, तर दोन्ही अधू. बाई म्हणाल्या, 'कानात शिरलंच नाही तर मेंदू ठेवणार काय, काकू? अर्धवट आलेलं जुळवताना तो दमतो. मग माणूस चारचौघांत जायचंच टाळतो.' तरी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे. दाखवू. देवा, तुझे उपकार कसे फेडू!

२१ मार्च

कानाचं यंत्र आलं. भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी मी — तिथे तोंड उघडलं नाही. घरी पाऊल टाकताच हे म्हणाले, हा पंखा एवढा कुरकुरतो? आणि तू इतकी ओरडतेस का?

२ एप्रिल

पत्ते खेळायला गेले! जिंकूनही आले. जिन्यात शेजारीण भेटली तर तिला म्हणाले, 'वहिनी, आता जे म्हणायचं ते हळू म्हणा. सगळं ऐकू येतं.' बिचारी लगबगीने आत गेली. मी पदर तोंडाला लावून हसले.

६ एप्रिल

सगळ्या बायका नवऱ्याआधी जाणं मागतात. मी गेली दोन वर्षं उलटं मागते — देवा, यांना आधी ने, माझ्यामागे यांना कोण बघणार? हे कुठे लक्ष देतात, म्हणून मोठ्यानेच मागायची. सवयीने आजही मागितलं. मागे हे उभे होते. म्हणाले, 'आता तसं नको मागूस. मी बघीन की तुला.'